परतीच्या वाटेवरचे पाहुणे

जयपूर पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा माणसाने उभारलेल्या वस्तू पाहून परततो. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसविलेल्या या नगराचे सरळ, रुंद रस्ते, गुलाबी कमानी, हवामहालाच्या जाळीदार खिडक्या आणि जंतरमंतरातील दगडी यंत्रे पाहता पाहता दोन दिवस सहज निघून जातात. २०१९ साली युनेस्कोने तटबंदीच्या आतील या नगराला जागतिक वारशाचा मान दिला, तो यथार्थच आहे. परंतु फाल्गुन सरून चैत्र लागण्याच्या सुमारास ज्याला जयपूरला जाण्याचा योग येईल, त्याने दोन-तीन सकाळी राजवाडे आणि बाजार बाजूला ठेवून भोवतालच्या जलाशयांकडे जावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. त्या दिवसांत तेथे एक मोठे प्रस्थान चाललेले असते. त्याला वाजंत्री नसते, निरोपाचे समारंभ नसतात आणि शहरातील बहुतेकांना त्याची वार्ताही नसते.

वसंत ऋतू म्हटला की आपल्या मनात आगमनाचे चित्र उभे राहते. पालवी येते, मोहोर येतो, कोकिळाला कंठ फुटतो. युरोपात तर पहिली भिंगरी दक्षिणेकडून परतली, की वसंत आला असे मानतात. आपल्या देशात मात्र पक्ष्यांच्या बाबतीत हा ऋतू मुख्यतः निरोपाचा आहे. सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान, तिबेट अशा दूरदूरच्या प्रदेशांतून भाद्रपद-आश्विनापासून येऊ लागलेले पक्षी होळीच्या आगेमागे परत फिरू लागतात आणि वैशाखाच्या आत बहुतेक सारे उत्तरेला निघून जातात. उत्तर ध्रुवसागरापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या आकाशमार्गाला शास्त्रज्ञ ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. सुमारे तीस देश त्याच्या छायेखाली येतात. राजस्थान हे या मार्गावरील भारताच्या वायव्येचे दार, आणि जयपूर त्या दारातील एक मुक्कामाचे ठिकाण.

या पक्ष्यांना आपण ‘परदेशी पाहुणे’ म्हणतो. शब्द गोड आहे, पण पुरता खरा नाही. यांतील कित्येक पक्षी वर्षातील सहा-सात महिने आपल्याकडेच काढतात. उत्तरेकडे ते जातात ते घरटे बांधण्यासाठी आणि पिले वाढविण्यासाठी. बाळंतपणाला लेक माहेरी जाते, या आपल्या रीतीची येथे सहज आठवण होते. बदकांच्या बाबतीत तर ही उपमा शास्त्रालाही धरून आहे. बदकांच्या बहुतेक जाती आपली जोडपी हिवाळी मुक्कामातच जमवितात. पुढे मादी आपल्या जन्मस्थळाच्या आसपास परत जाते आणि नर तिच्या पाठोपाठ जातो. म्हणजे लग्न इकडे लागते, बाळंतपण तिकडे होते आणि जावईबापू मुलीच्या माहेरी मुक्कामाला जातात.

जलमहालाच्या भोवती

हे प्रस्थान पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. जयपूरहून आमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मानसागर हा तलाव आहे. त्याच्या मध्यभागी उभा असलेला जलमहाल छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाचा झालेला आहे. प्रवासी रस्त्याच्या कठड्यापाशी थांबतात, महालाकडे पाहतात आणि पुढे जातात. त्यांनी नजर थोडी खाली आणली, तर पाण्यावरची वस्तीही त्यांना दिसेल.

सकाळच्या पहिल्या प्रहरी येथे काळेभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी घोळक्याने तरंगत असतात. मराठीत त्यांना ‘वारकरी’ असे मोठे समर्पक नाव आहे. त्यांच्यापासून काही अंतरावर ‘थापट्या’ बदकांचे थवे असतात. थापीसारखी पसरट चोच हीच त्यांची खूण. ही बदके कधी कधी एकामागे एक लागून पाण्यावर गोल फिरू लागतात. प्रथमदर्शनी हा खेळ वाटतो. वास्तविक ती पायांनी पाणी ढवळून तळाचे सूक्ष्म जीव वर आणीत असतात आणि चोचीच्या कडांवरील बारीक दात्यांतून ते गाळून घेत असतात. काठावरच्या ओल्या मातीत धोबी पक्षी शेपूट वरखाली हलवीत पळत असतात. हिवाळाभर फिकट दिसणारा पिवळा धोबी मार्चमध्ये हळदीच्या रंगाचा होतो. पिसांचा हा पालट म्हणजे त्याच्या प्रवासाची वर्दीच समजावी.

मानसागर पूर्वीपासून असा होता, असे मात्र नाही. शहराचे सांडपाणी कित्येक वर्षे या तलावात उतरत राहिले आणि पाण्याला दुर्गंधी येऊ लागली. या शतकाच्या आरंभी केंद्र आणि राज्य सरकारांच्या योजनेतून गाळ उपसणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे आणि पक्ष्यांना बसण्यासाठी लहान बेटे उभारणे ही कामे झाली. पाणी सुधारले तसे पक्षीही परतले. एखादे जलस्थान बिघडले, तरी मनावर घेतल्यास ते सावरता येते, याचा हा डोळ्यांपुढचा दाखला आहे.

वाटेची शिदोरी

आता जाण्याची वेळ झाली, हे पक्ष्याला कोण सांगते? उन्हाळा वाढला म्हणून तो जातो, असे आपण म्हणतो. पण ऊन-थंडी दरवर्षी सारखी नसते. १९२० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने ऐन थंडीत पिंजऱ्यातील पक्ष्यांना दिव्याच्या प्रकाशाने रोज थोडा थोडा मोठा दिवस दाखविला. बाहेर कडाक्याचा हिवाळा असूनही त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंतातले बदल घडून आले. दिवसाची वाढती लांबी हेच पक्ष्यांचे पंचांग आहे, हे तेव्हापासून स्पष्ट होत गेले. जयपूरच्या जंतरमंतरात सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र आहे. त्याच्या सावलीवरून सवाई जयसिंहांचे ज्योतिषी वेळ मोजीत. ज्या सूर्याचे मोजमाप करण्यासाठी माणसाला एवढे दगड रचावे लागले, त्याचा हिशेब मूठभर वजनाचा पक्षी आपल्या शरीरातच बाळगतो. लहान पक्षी पुष्कळदा रात्री उडतात आणि दिशा ओळखण्यासाठी ताऱ्यांचा व पृथ्वीच्या चुंबकशक्तीचा उपयोग करतात. करकोच्यांसारखे मोठे पक्षी दिवसा उडतात आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने श्रम वाचवितात.

या प्रवासाची शिदोरी म्हणजे चरबी. निघण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे पक्षी दिवसभर खात राहतात. तितक्याच वजनाच्या पिष्ट पदार्थांच्या दुपटीहून अधिक शक्ती चरबीतून मिळते, म्हणून निसर्गाने हीच शिदोरी ठरविली आहे. काही लहान पक्ष्यांचे वजन तर निघण्याच्या वेळी जवळजवळ दुप्पट झालेले असते. मार्च महिन्यात एखादा टिलवा किंवा तुतवार चिखलात क्षणभरही न थांबता चोच खुपसताना दिसला, तर तो अधाशी आहे असे समजू नये. पुढच्या काही हजार किलोमीटरांची तो बेगमी करीत असतो.

ही बेगमी कोठे होते, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. खोल, स्वच्छ, निळ्या पाण्यात ती होत नाही. घोट्याइतके पाणी, त्याखालचा मऊ चिखल, काठाची लव्हाळी आणि ओसरत जाणारी कड, हेच या पक्ष्यांचे कोठार. आपल्या नजरेला जो तलाव आटत चाललेला, ओंगळ आणि निरुपयोगी वाटतो, तोच त्यांच्या दृष्टीने त्या महिन्यातील अन्नछत्र असतो.

चांदलाईचा काठ

याचा प्रत्यय घ्यावयाचा असेल, तर टोंक रस्त्याने दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या चांदलाईच्या तलावावर जावे. जवळच बरखेड्याचाही तलाव आहे. दोन्ही शेतीच्या मुलखात आहेत. भोवती गव्हाची आणि मोहरीची शेते असतात व मार्चमध्ये कापणीची घाई चालू असते. पाणी खाली गेलेले असते आणि चहूकडे ओल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो.

या पट्ट्यावर लांब लाल पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, चिखले आणि पाणटिवळे यांची गर्दी असते. राखी रंगाचे पाणटिवळे या दिवसांत मानेपासून विटकरी होऊ लागतात. थोड्या अंतरावर केशरी अंगाची चक्रवाकांची जोडपी उभी असतात. संस्कृत कवींनी ज्यांच्या विरहावर इतके लिहिले, ते हेच पक्षी. दिवसा तरी त्यांची जोडी सहसा सुटत नाही, एवढे कोणालाही पाहता येईल.

चक्रवाकांप्रमाणेच पट्टकादंब हंसही या भागातील पाणथळांवर उतरतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे, यावरून तो चटकन ओळखू येतो. तिबेट आणि मंगोलियातील सरोवरांकडे परतताना त्याला हिमालय ओलांडावा लागतो. पाठीवर बसविलेल्या लहानशा यंत्रांच्या साह्याने या हंसांची उंची मोजण्यात आली, तेव्हा ७,००० मीटरांहून अधिक उंचीवरील उड्डाणाची नोंद मिळाली. त्या विरळ हवेत माणसाला चार पावले टाकणेही कठीण जाते. चांदलाईच्या काठी हरभऱ्याच्या शेताशेजारी गवत खुडणारा हा शांत पक्षी पाहिला, म्हणजे त्याच्या अंगातील या सामर्थ्याची कल्पनाही येत नाही.

खाऱ्या पाण्यावरील रंग

जयपूरच्या पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटरवर सांभर आहे. देशातील हे सर्वांत मोठे अंतर्भागातील खाऱ्या पाण्याचे सरोवर. पाऊस चांगला झाला म्हणजे त्याचा विस्तार दोनशे चौरस किलोमीटरांच्या घरात जातो आणि उन्हाळ्यात बराचसा तळ पांढराशुभ्र होऊन उघडा पडतो. मेंढा आणि रूपनगढ या नद्या त्याला पाणी पुरवितात. सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या दगडी बांधाने त्याचे दोन भाग केले आहेत. पूर्वेकडील भागात मिठागरे आहेत. पश्चिमेचा मोठा भाग मोकळा आहे. येथील देवी शाकंभरी हिची एक कथा सांगतात. देवीने प्रसन्न होऊन येथील अरण्याचे चांदीच्या मैदानात रूपांतर केले. पण चांदीपायी भांडणे होतील या भीतीने लोकांनी ते वरदान परत घेण्याची विनंती केली, तेव्हा देवीने चांदीचे मीठ केले.

लोकांनी मीठ मागून घेतले, त्याबरोबर रोहित पक्षीही मिळाले असे म्हणावयास हरकत नाही. खाऱ्या पाण्यात वाढणारे शेवाळ आणि सूक्ष्म जीव हेच त्यांचे अन्न आणि त्यातील द्रव्यांमुळेच त्यांच्या पंखांना गुलाबी रंग चढतो. थोरला आणि धाकटा अशा त्यांच्या दोन्ही जाती येथे येतात. मान पाण्यात उलटी घालून शेकडो पक्षी एका लयीत चालू लागले, की क्षितिजावर गुलाबी रेघ सरकत असल्याचा भास होतो. मात्र हे पक्षी सायबेरियाला जाणारे नव्हेत. पाऊसपाणी अनुकूल असेल त्या वर्षी कच्छच्या रणात मातीची घरटी रचून ते वीण घालतात. तेव्हा वसंतात जो जातो तो उत्तरेलाच जातो असे नाही, आणि जो दिसतो तो परदेशचाच असतो असेही नाही.

१९९० साली सांभर सरोवराचा समावेश रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला. तरी या सरोवराची चिंता मिटलेली नाही. नद्यांवर ठिकठिकाणी घातलेल्या बांधांनी येणारे पाणी अडते आणि खारे पाणी उपसण्यासाठी अवैधपणे खोदलेल्या कूपनलिका तळ कोरडा करतात.

आपली भोरडी आणि आपला हळद्या

जयपूरचा हा वृत्तान्त महाराष्ट्रातील घरांना परका वाटण्याचे कारण नाही. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन बसलेल्या राखणदाराला भोरड्यांचे थवे चांगले ठाऊक असतात. काळे डोके, काळे पंख आणि गुलाबी अंग असलेला हा मैनेच्या जातीचा पक्षी जुलै-ऑगस्टपासूनच आपल्याकडे येऊ लागतो. वसंतात तो पळस आणि सावरीच्या फुलांवर तुटून पडतो, म्हणून त्याला पळसमैना असेही म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये भोरड्यांचे थवे उत्तरेकडे निघतात आणि राजस्थानात फुललेल्या पळसांवर व कैरांवर त्यांचा कलकलाट ऐकू येतो.

आपल्याकडे धान्याचा शत्रू समजला जाणारा हा पक्षी मध्य आशियात पोहोचला की शेतकऱ्याचा मित्र होतो. तेथे तो पिलांना मुख्यतः टोळ भरवितो. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी याच पक्ष्यांना मुद्दाम दगडांचे आसरे बांधून देण्यात आले आहेत. टोळांचे संकट म्हणजे काय, हे जयपूरकरांनी २५ मे २०२० रोजी प्रत्यक्ष अनुभवले. त्या दिवशी टोळधाड थेट शहरावर आली आणि लोक गच्च्यांवर थाळ्या वाजवीत उभे राहिले. एकाच पक्ष्याचा एका देशातील जमाखर्च पाहून त्याचे मोल ठरविणे किती अपुरे आहे, हे भोरडी शिकविते.

सारेच पक्षी देश सोडून जातात असेही नव्हे. आपल्या आमराईत हिवाळ्यात शीळ घालणारा सोनेरी हळद्या चैत्रात उत्तर भारतातील बागांकडे सरकतो आणि जयपूरच्या कडुनिंबांवर तो दिसू लागतो. दक्षिणेत हिवाळा काढणारा नवरंगही उन्हाळ्याच्या अखेरीस उत्तरेच्या रानांत जाऊन घरटे करतो. पुढे ज्येष्ठ-आषाढात आफ्रिकेकडून चातक येतो आणि पावसाची वर्दी देतो. एक पंगत उठते, तोच दुसरीची पाने मांडली जातात.

जे परत गेले नाहीत

या येण्याजाण्याला कोणी गृहीत धरू नये. जयपूरच्या पूर्वेस भरतपूरचे केवलादेव अभयारण्य आहे. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, हे दगडावर कोरून ठेवलेले आजही वाचता येते. पुढे सलीम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच भूमीवर पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला. त्या कड्यांवर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळविण्याची सूचना असे. बंदुकीकडून नोंदवहीकडे झालेला हा प्रवास आपल्या समाजाला भूषणावह आहे.

परंतु नोंदवहीत उणे अंकही असतात. केवलादेवला दर हिवाळ्यात शुभ्र सायबेरियन क्रौंच येत. १९६४-६५ मध्ये त्यांची संख्या सुमारे दोनशे होती. वाटेवरील शिकार आणि नाहीशी होत गेलेली पाणथळे यांमुळे ती घटत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी आली. त्यानंतर तेथे तो पक्षी परतला नाही.

दुसरा प्रसंग सांभरचा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नुकतेच पोहोचलेले पक्षी तेथे हजारोंनी मरू लागले. त्यांच्या माना लुळ्या पडत आणि पंख उचलत नसत. मृतांचा आकडा अठरा हजारांवर गेला. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत कारण निश्चित झाले, ते म्हणजे बॉट्युलिझम, एका जिवाणूच्या विषाने होणारा पक्षाघात. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, त्या अळ्या खाणारा दुसरा पक्षी विषाने मरतो आणि साखळी वाढत जाते. सरकारी कर्मचारी, पशुवैद्य आणि स्वयंसेवक यांनी चिखलात उतरून मृत पक्षी गोळा करून पुरले आणि जिवंत राहिलेल्यांवर उपचार केले. वाचलेल्या काही पक्ष्यांना पुन्हा मोकळे सोडता आले. जे मेले, त्यांच्यासाठी पुढचा वसंत आलाच नाही.

तिसरे उदाहरण पाण्याचेच आहे. जयपूरला कित्येक वर्षे पाणी पुरविणाऱ्या बाणगंगेवरील रामगढ जलाशयात १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकांच्या शर्यती झाल्या होत्या. पाणलोट क्षेत्रातील अडथळे व अतिक्रमणे वाढत गेली आणि या शतकाच्या आरंभी तो जलाशय कोरडा पडला. माणसांचे पाणी गेले, तेव्हा पक्ष्यांचेही गेले. दोघांचे पाणी वेगळे नसतेच.

यजमानांचे कर्तव्य

राजस्थानात पाहुणचाराची परंपरा जुनी आहे. फलोदीजवळील खीचन या गावी कांड्या करकोचे, म्हणजे तेथील भाषेतील ‘कुरजां’, हजारोंच्या संख्येने उतरतात आणि गावकरी त्यांना हिवाळाभर धान्य घालतात. दूरदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचविण्याची विनंती येथील स्त्रिया लोकगीतांतून याच कुरजांना करीत आल्या आहेत. २०२५ साली खीचनचाही रामसर यादीत समावेश झाला. जयपूरच्या घराघरांतही उन्हाळ्यात झाडांना पाण्याची मातीची भांडी टांगतात. त्यांना ‘परिंडे’ म्हणतात. चिमण्या, बुलबुल, होले यांना त्यांचा मोठा आधार होतो.

मात्र टिलव्याला आणि थापट्याला परिंड्याचा उपयोग नाही. त्यांना हवा असतो तो गावाचा तलाव, त्याची उथळ कड आणि त्यात येणारे पाणी. ही गोष्ट एका घराच्या हातची नसली, तरी ग्रामसभेच्या आणि नगरपालिकेच्या हातची खचित आहे. तलावाचा काठ दगडांनी बांधून काढताना एक बाजू तरी उतरती, मातीची ठेवावी. सांडपाणी प्रक्रियेवाचून सोडू नये. आटलेला तळ म्हणजे पडीक जमीन असे समजून तिच्यावर भराव घालू नये. सुशोभनाच्या योजनेत या तीन गोष्टी आल्या, तरी पुष्कळ साधेल.

मुलांना सोपविण्याजोगे एक कामही आहे. पहिला पक्षी आला ती तारीख बहुतेकजण लक्षात ठेवतात. शेवटचा पक्षी गेला ती तारीख मात्र क्वचितच कोणी टिपतो, कारण तो शेवटचा होता हे नंतर कळते. म्हणून मार्चपासून वैशाख संपेपर्यंत आठवड्यातून एकदा गावच्या तळ्यावर जावे, दिसलेले पक्षी मोजावे आणि दिनांकासह वहीत लिहून ठेवावे. दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी धोबी, शेकाट्या, वारकरी आणि भोरडी हे साध्या डोळ्यांना ओळखता येतात. अशा नोंदी चार-पाच वर्षे ठेवल्या, म्हणजे आपल्या तळ्याची तब्येत कशी आहे हे त्या वहीतून कळू लागेल. आणि एखाद्या वर्षी पक्षी नेहमीच्या आधीच निघून गेले किंवा आलेच नाहीत, तर त्याचा जाब कोणाला व कशाच्या आधारे विचारावयाचा, हेही त्याच वहीत लिहिलेले सापडेल.